पहिली नोंद कोणाच्या हातची?

(हळद उत्पादक गटांच्या सभेत आपल्या क्षेत्रीय समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



हळद शिजवायचे दिवस आहेत. कुकर भाड्याने आणून ठेवलेला आहे, मजूर मिळत नाहीत, आणि तरी तुम्ही एक दिवस मोडून आलात. म्हणून लांबण लावत नाही. विषय एकच आहे. मागच्या वर्षी ज्या कंपनीने आपल्या दोन गावांतून हळद घेतली, तिचं पत्र आलंय. यंदा त्यांना सगळ्या गावांची हळद हवीय. मोंढ्यापेक्षा थोडा बरा भाव देतो म्हणतात. अट अशी की प्रत्येक कट्ट्याची नोंद त्यांच्या ‘ब्लॉकचेन’मध्ये झाली पाहिजे. कोणाच्या शेतातली, कधी काढली, कधी शिजवली, किती वाळली, सगळी. करारावर प्रभागसंघाची सही लागणार आहे.

आज सही करायची नाही. आज फक्त समजून घ्यायचं आणि मनातलं बोलायचं.

मागच्या वर्षी कंपनीचा माणूस आला होता तेव्हा त्याने पडद्यावर चित्रं दाखवली आणि तासाभरात हा शब्द वीस वेळा उच्चारला. आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी समाजकार्यात शिक्षण घेतलंय, पण खरं सांगते, त्या दिवशी मला तुमच्यापेक्षा फार काही कळलं नव्हतं. नंतर वाचलं, विचारलं, आणि एक मोठी चूक केली तेव्हा कळलं. ती चूकही आज सांगणार आहे.

आधी ते आहे काय ते बघू. आपल्या गटाची बैठक आठवा. बचत सगळ्यांसमोर मोजली जाते, मोठ्याने आकडा सांगितला जातो, मग वहीत चढतो आणि त्याच वेळी प्रत्येकीच्या पासबुकातही. समजा उद्या कोणी गटाच्या वहीत आकडा बदलला, तर दहाजणींची पासबुकं उठून बोलतील. म्हणजे वही एका जागी नाही, ती दहा घरांत आहे. ब्लॉकचेनची अर्धी गोष्ट इथेच संपली.

उरलेली अर्धी आपल्या वहीच्या पहिल्या ओळीत आहे. प्रत्येक पानावर वर काय लिहिता? मागील शिल्लक. सातव्या पानावर कोणी हात मारला तर आठव्याची मागील शिल्लक जुळत नाही, मग नवव्याची नाही, दहाव्याची नाही. ब्लॉक म्हणजे पान, चेन म्हणजे साखळी. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा असतो आणि ही सगळी पानं अनेकांच्या संगणकांवर एकसारखी असतात. त्यामुळे मधलं एखादं पान गुपचूप बदलता येत नाही. एवढंच. त्यात जादू नाही, आणि त्यात पैसे गुंतवायचे नसतात. हे मुद्दाम सांगते, कारण हा शब्द गावात पोचला की मागोमाग कोणीतरी ‘कॉइन घ्या, सहा महिन्यांत दुप्पट’ म्हणत येतो. तो आला तर चहासुद्धा पाजू नका.

हे लोक वापरतात कशाला? अमेरिकेत वॉलमार्ट नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. आपल्या देवगडच्या नव्हे, तिथल्या मेक्सिकोच्या आंब्यावर त्यांनी एक प्रयोग केला. दुकानातलं कापलेल्या आंब्याचं एक पाकीट उचललं आणि विचारलं, हा आंबा कोणत्या बागेतला? कागदपत्रं, फोन, पुरवठादार असं धुंडाळत उत्तर यायला सहा दिवस अठरा तास लागले. मग तीच माहिती ब्लॉकचेनवर चढवली तेव्हा उत्तर दोन-सव्वादोन सेकंदांत आलं. उपयोग काय, तर एखाद्या मालातून विषबाधा झाली की सगळ्यांचा माल फेकायची वेळ येत नाही, ज्या शेतातून आला तेवढाच थांबवता येतो. आपल्यासारख्या चांगलं पिकवणाऱ्यांना ही गोष्ट चांगलीच आहे.

पुढे २०१८ मध्ये वॉलमार्टने पालेभाज्या पुरवणाऱ्यांना पत्र पाठवलं की वर्षभरात तुम्हीही या वहीत या. त्यांना यावंच लागलं. सगळ्यात मोठा ग्राहक सांगतो म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? हा झाला हुकमाचा रस्ता.

आता दुसरी गोष्ट ऐका, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मर्स्क ही डेन्मार्कची कंपनी. समुद्रातून कंटेनर नेणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक. त्यांनी हिशोब मांडला की पूर्व आफ्रिकेतून युरोपात थंड कंटेनरमधून माल जायचा तर जवळजवळ तीस माणसं आणि संस्था मध्ये येतात, आणि दोनशेच्या वर वेळा कागद किंवा निरोप इकडून तिकडे होतो. शेतकरी, ट्रकवाला, बंदर, कस्टम, जहाज, पुन्हा बंदर. आपल्याकडे अडत, हमाली, तोलाई, पट्टी असते ना, तसंच, फक्त दोनशे वेळा. म्हणून त्यांनी आयबीएम या संगणक कंपनीला सोबत घेऊन २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ नावाची सामाईक वही काढली. पैसा होता, हुशार माणसं होती, यंत्रणा चालत होती.

अडलं कुठे? बाकीच्या जहाज कंपन्या म्हणाल्या, ही वही तर आमच्या स्पर्धकाची. आमचे ग्राहक कोण, माल किती, हे सगळं आम्ही त्याच्या घरात नेऊन का ठेवायचं? २०१९ मध्ये काही मोठ्या कंपन्या आल्या, नाही असं नाही. पण सगळी साखळी काही आत आली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्स्क आणि आयबीएमने स्वतःच जाहीर केलं की जगभरच्या या धंद्याचं जेवढं सहकार्य लागत होतं तेवढं मिळालं नाही, म्हणून बंद करतो. २०२३ च्या सुरुवातीला ती वही मिटली.

बघा, गटाची वही जर अध्यक्षाबाईच्या घरी कुलपात असेल, चावी एकटीकडे असेल, आणि त्या म्हणाल्या ‘विश्वास ठेवा, सगळं नीट लिहिलंय’, तर तुम्ही पुढच्या सोमवारी बचत टाकाल का? पेटीला वेगवेगळ्या हातांत चाव्या आपण उगीच ठेवल्या का? त्या दोन कंपन्यांकडे जगातलं सगळ्यात भारी तंत्रज्ञान होतं, पण चावीचा प्रश्न सुटला नाही.

ही सगळी लांबची उदाहरणं झाली. पण हळदीपर्यंत हे आलेलं आहे. २०२१ मध्ये केंद्राच्या मसाला मंडळाने, म्हणजे स्पायसेस बोर्डाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमासोबत मिरची आणि हळदीसाठी अशीच मागोव्याची पद्धत तयार करायचं ठरवलं, सुरुवात आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांपासून. म्हणजे आज या कंपनीला नाही म्हटलं तरी पाच वर्षांनी दुसरं कोणी येणार. म्हणून आत्ताच नीट शिकून घेतलेलं बरं.

आता माझी चूक.

मागच्या वर्षी दोन गावांतल्या नोंदी मोबाइलवर भरायच्या होत्या. तुमच्यातल्या निम्म्याजणींचा फोन मुलाकडे, नाहीतर मालकाकडे. वाळवणाच्या खळ्यावर रेंज नाही. मग मी म्हटलं, मला सांगा, मी डायरीत लिहून घेते, घरी जाऊन भरते. तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं, काही लिहिलं नाही, काही लक्षात ठेवलं. मग महिनाअखेर आली, कंपनीचा फोन आला, आणि एका रात्रीत बसून मी त्रेचाळीस नोंदी भरल्या. शिजवल्याची तारीख आठवेना तिथे अंदाजाने टाकली. एका ताईच्या हळदीत तिच्या जावेची हळद मी तिच्याच नावावर चढवली, कारण जावेची नोंदणी झाली नव्हती. जावेच्या नावावर सातबारा नाही, फॉर्म पुढे सरकेना, मी म्हटलं एकाच घरची आहे, काय बिघडतंय.

ती ताई इथेच बसलीय. तिला विचारूनच बोलतेय, नाव घेत नाही.

पंधरा दिवसांनी कंपनीतून फोन. ‘मॅडम, या बाईंची वीस गुंठे हळद आहे आणि वाळलेली १९ क्विंटल दाखवतेय. बाहेरची हळद घालतात का?’ दहा तिची होती, नऊ जावेची. मी म्हटलं, चूक माझी आहे, ती नोंद खोडा. तो म्हणाला, खोडता येत नाही. खाली दुरुस्तीची नोंद टाकता येते, पण आधीची तशीच दिसत राहणार. आणि चौकशी होईपर्यंत पैसे थांबले. तीन आठवडे थांबले. दोघींचेही.

मी तिच्या घरी गेले सांगायला. तिने मला पाणी दिलं, मग म्हणाली, ‘माय, बारा वर्षं गटात हाय. एक हप्ता चुकला नाही. अन् तुझ्या त्या मोबाइलात मी चोर ठरले.’ मला काही बोलता आलं नाही. त्या वहीत आजही ते पान आहे. खाली दुरुस्ती आहे, पण पान आहे.

त्या दिवशी मला कळलं की ही वही काय करते आणि काय करत नाही. लिहिल्यानंतर कोणी बदलू नये, याची ती राखण करते. लिहिलेलं खरं आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. खोटं लिहिलं तर खोटं जपून ठेवते, अंदाज लिहिला तर अंदाज. आणि दगड झालेला अंदाज साध्या अंदाजापेक्षा वाईट.

हळदीचंच एक उदाहरण सांगते, आपल्या शेजारच्या देशातलं. बांगलादेशात हळकुंडाला पिवळी चमक यावी म्हणून पॉलिश करताना शिशाचा रंग लावायचे. शिसं म्हणजे विष, लहान लेकरांच्या मेंदूवर परिणाम करतं. २०१९ मध्ये बाजारातले नमुने तपासले तर शंभरात ४७ नमुन्यांत शिसं निघालं. मग तिथल्या अन्नसुरक्षा विभागाने आणि संशोधकांनी मिळून घाऊक बाजारात भिंतीवर सूचना लावल्या, वर्तमानपत्रांतून बातम्या दिल्या, जागेवर तपासणारं यंत्र आणलं, भेसळवाल्यांना सगळ्यांदेखत दंड केला. २०२१ मध्ये तपासलं तर एकाही नमुन्यात सापडलं नाही. यात ब्लॉकचेन कुठेच नव्हती. जिथे रंग लागतो तिथे जाऊन माणसांनी तपासलं. त्यांच्याकडे तेव्हा ब्लॉकचेनची वही असती तर पॉलिशवाल्याने तिच्यात ‘शुद्ध हळद’ असंच लिहिलं असतं, आणि ते कायमचं राहिलं असतं.

पुन्हा आपल्या गावाकडे येते. घडलेलं सगळं मी ग्रामसंघाच्या बैठकीत उभी राहून सांगितलं. मला वाटलं होतं बायका रागावतील. काही रागावल्याही, बरोबरच होतं. पण मग एक आजी, ज्यांना अक्षर वाचता येत नाही, त्या म्हणाल्या, ‘बचत आपण मोजून मोठ्यानं सांगतो. मग हळद का न्हाई सांगत? लिहिलेलं मला वाचून दाखव, मगच अंगठा.’

मी दोन वर्षं विद्यापीठात काढली आणि हे मला सुचलं नाही. तेव्हापासून त्या गावात काट्यावरच नोंद होते. ज्या बाईची हळद तिने स्वतः वजन बघायचं, मोठ्याने बोलायचं. कृषीसखी कागदावर लिहिते आणि वाचून दाखवते. दुसऱ्या गटाची एक बाई साक्षीला उभी असते, त्याच गटाची नाही, कारण त्याच गटात जावा-नणंदा असतात आणि भिडेपोटी मान डोलावली जाते. मोबाइलवर त्याच दिवशी संध्याकाळी चढवायचं, रेंज असलेल्या जागी जाऊन. उशीर झाला तर तारीख खरीच टाकायची आणि उशिरा भरली असंही लिहायचं. वेळ लागतो. पहिल्या दिवशी बायका कंटाळल्या, हमाल कुरकुरला. पण त्यानंतर एकही कट्टा अडकला नाही.

आणि जावेचं काय? हा प्रश्न त्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ चालला. कंपनीच्या फॉर्मवर ‘शेतकऱ्याचे नाव’ असा रकाना आहे आणि त्याला सातबारा जोडायचा. तुम्हीच सांगा, आपल्यात किती जणींच्या नावावर सातबारा आहे? बेणं आपण लावलं, निंदलं आपण, हळद वेचली, शिजवायला उभं राहिलो, वाळवणावर राखण केली. आणि शहरात कोणी पाकिटावरचं चौकोनी चित्र मोबाइलने उघडलं तर नाव दिसणार मालकाचं. एवढी न खोडता येणारी वही, आणि तिच्यात आपणच नाही! म्हणून आपण मागणी केली की ‘पिकवणारी’ असा वेगळा रकाना हवा, गटाच्या ठरावावर तो चालला पाहिजे. कंपनी आधी म्हणाली, सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही. महिन्याने बसला. मागितलं म्हणून बसला.

यंदाच्या पत्राला उत्तर देताना अजून काय मागायचं ते आज बोलायचं आहे. माझं म्हणणं सांगते, पटलं नाही तर खोडून काढा, माझं म्हणणं खोडता येतं.

एक तर, आम्ही लिहायचं आणि तुम्ही वाचायचं, असं चालणार नाही. त्यांच्या गोदामातलं वजन, तूट धरली तर का धरली, पैसे कोणत्या तारखेला सोडले, हेही त्याच वहीत त्यांच्या हाताने यायला हवं. आपली चूक खोडता येत नाही ना, मग त्यांचा उशीरही खोडला जाऊ नये. वजन आणि पैशाची तारीख लिहायला ते तयार झालेत. हळदीतल्या कुरकुमिनची तपासणी करतात, त्याचा आकडा मात्र अजून ‘कळवतो, कळवतो’ चाललंय. त्या आकड्यावर भाव ठरतो, म्हणून तो आपल्याला दिसलाच पाहिजे. पुढे ते केवढ्याला विकतात तेही दिसावं असं काही ताईंचं म्हणणं आहे. ते देतील असं मला वाटत नाही. विचारायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे प्रत. वही सगळ्यांकडे असते म्हणतात, मग प्रभागसंघाकडे आहे का? मागच्या वर्षी नव्हती. आपल्याला फक्त त्यांच्या ॲपमधून बघता येत होतं. म्हणजे खरं तर ती त्यांच्या कपाटातलीच वही झाली, खिडकीतून दाखवलेली. उद्या कंपनीने ॲप बंद केलं, जहाजांच्या वहीसारखं, तर आपल्या नोंदी गेल्या. त्या नोंदी दाखवून दुसऱ्या ग्राहकाकडे जाता येईल, बँकेत जाता येईल, तर त्या आपल्या हातात हव्यात. मला ही अट सगळ्यात मोठी वाटते आणि यावर कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.

आधार नंबर, बँक खातं, मोबाइल नंबर यातलं काही त्या वहीत जाणार नाही, गटाचा नंबर आणि बाईचा नंबर पुरे. जे पुसता येत नाही त्यात जपून लिहावं. आणि नोंद करणाऱ्या कृषीसखीच्या वेळेचे पैसे कोण देणार तेही लिहून घ्या. मागच्या वर्षी तिने ते काम फुकट केलं, मी ते होऊ दिलं, तेही माझ्याच खात्यात.

सही करावी का? मला विचाराल तर यंदा सगळ्या गावांची नको. काट्यावर वाचून दाखवायची सवय ज्या दोन गावांत लागली तेवढीच द्या, बाकीच्यांनी हंगामात एकदा तिथे येऊन बघा. थोडा जास्त भाव यंदा बाकी गावांना मिळणार नाही, हे मला कळतं. ज्यांच्या घरी लग्न आहे, मुलांच्या फी आहेत, त्यांना माझं म्हणणं जड जाईल. पण घाईत भरलेल्या नोंदीने एका ताईच्या वाट्याला काय आलं ते मी बघितलंय. ते दीडशे जणींच्या वाट्याला आलं तर मी कोणत्या तोंडाने तुमच्या ओसरीवर येऊ?

कंपनीचं पत्र मराठीत करून प्रत्येक ग्रामसंघाच्या लेखापालाकडे दिलं आहे. या आठवड्याच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून घ्या. शंका, अटी, नकार, जे असेल ते इतिवृत्तात लिहा, बोलणारीच्या नावासह. पुढच्या महिन्याच्या सभेत प्रत्येक गावाचं म्हणणं एकेक करून ऐकू, मगच ठराव घेऊ. आता पहिली शंका त्या ताईने विचारायची आहे, जिच्या नोंदीबद्दल मी बोलले. तिने सकाळीच मला सांगून ठेवलंय की मला बोलायचंय. माइक तिच्याकडे द्या.